जुन्या बिलातला दर आपोआप बदलतो, नोंदी गायब होतात: अ‍ॅपशीटच्या नेहमीच्या दुखण्यावर उपाय

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्याकडं होत असेल तर पुढं वाचा.

- दराच्या यादीत आज दर बदलला आणि गेल्या महिन्याच्या बिलाची रक्कमही बदलली. किंवा सगळी बिलं शाबूत, चार-पाचच बदलली, आणि तीच का ते कळत नाही.
- एका फोनवर केलेली नोंद दुसऱ्या फोनवर दिसतच नाही.
- काल असलेलं बिल आज नाही. त्याच नंबरावर भलत्याच गिऱ्हाईकाचं बिल बसलंय.
- एकच नाव यादीत दोनदा येतं आणि त्याची बाकी दोन ठिकाणी विभागली जाते.
- ५ जुलैची नोंद ७ मे मध्ये सापडते.
- मालाच्या फोटोच्या जागी कोरी चौकट दिसते.

मी मुळात हिशेबाचा माणूस. लॉकडाऊनमध्ये घरी बसून गूगलचं अ‍ॅपशीट शिकलो आणि तेव्हापासून कोल्हापुरात उद्यमनगरातली वर्कशॉप, मार्केट यार्डातली गुळाची दुकानं, चप्पल लाइनमधली एक-दोन दुकानं यांना चलान, बिल, येणी-देणी यांची छोटी अ‍ॅप्स करून देतो. कोड लिहावा लागत नाही, गूगल शीट हीच वही आणि अ‍ॅप म्हणजे तिच्यावरचं झाकण. वरची दुखणी मी इतक्यांदा दुरुस्त केलीत की फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच कुठं बघायचं ते कळतं. त्यात माझी स्वतःची दोन अ‍ॅप्स पण आहेत, हे कबूल करतो.

प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा नक्की ठेवलाय कुठं? शीटच्या घरात (चौकोनात) लिहिलेला आहे, फोनमध्ये अडकलाय, की कुठंच लिहिलेला नाही आणि दर वेळी नव्यानं मोजला जातोय?

सुरुवात करण्याआधी शीटची एक प्रत काढा: फाइलमध्ये जाऊन मेक अ कॉपी, नावात आजची तारीख. फुकटचं काम आहे. फक्त प्रत काढल्यावर चुकून त्या प्रतीतच काम करत बसू नका. अ‍ॅप मूळ शीटलाच जोडलेलं असतं. एका दुकानात आठवडाभर मुनीम प्रतीत दुरुस्त्या करत होते आणि "अ‍ॅप ऐकतच नाही" म्हणून माझ्या नावानं खडे फोडत होते.

पहिलं: नोंद फोनमधून बाहेर पडली का?

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. अ‍ॅपमधल्या सिंकच्या (फोनातल्या नोंदी शीटला पोचवायच्या) चिन्हावर बारीक आकडा दिसतोय का बघा. ३ दिसत असेल तर तीन नोंदी अजून त्या फोनातच आहेत. नेटवर्क नसताना अ‍ॅपशीट नोंद फोनवर धरून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. गगनबावड्याकडं किंवा पन्हाळ्याच्या खालच्या वाड्यांत फिरणाऱ्या पोरांचं हे रोजचंच.

इथं दोन गोष्टी. नोंदी ज्या क्रमानं केल्या त्याच क्रमानं जातात. पुढची एक नोंद चुकीमुळं अडकली तर मागच्या सगळ्या रांगेत उभ्या राहतात, त्यामुळं "सकाळपासूनचं काहीच आलं नाही" असं वाटतं. अडकलेली असते एकच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: आकडा दिसत असताना अ‍ॅप काढून टाकू नका, लॉगआउट करू नका, फोन रिसेट करू नका. "बंद करून परत चालू करा" हा सल्ला टीव्हीला ठीक आहे. इथं त्या नोंदींची दुसरी प्रत जगात कुठंच नसते. सिंक दाबून लाल अक्षरात चूक येत असेल तर तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि अ‍ॅप करून देणाऱ्याला पाठवा. त्या नोंदी तोवर कागदावर उतरवून घ्या. कमीपणा वाटायचं कारण नाही.

दुसरं: शीटमध्ये कुणाचा हात लागला?

आता संगणकावर शीट उघडा आणि पहिली ओळ बघा. अ‍ॅप रकाने ओळखतं ते मथळ्याच्या नावावरून. "दर" चं कुणी "दर (रु.)" केलं की अ‍ॅपच्या लेखी जुना रकाना गेला आणि नवा आला. मग ज्या ज्या सूत्रात "दर" होता ते सगळं कोलमडतं. मथळा पूर्वीसारखा करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. खरोखरच नवा रकाना हवा असेल तर तो शेवटी जोडा आणि मग अ‍ॅपच्या संपादकात (अ‍ॅप जिथं बांधतात त्या पानावर) त्या टेबलाला रीजनरेट स्कीमा करा, म्हणजे रकाने नव्यानं वाचायला लावा. मधल्या कामाच्या वेळेत नको, दुकान बंद झाल्यावर.

मथळ्याच्या वर दुकानाचं नाव, "श्री" किंवा गणपतीचं चित्र टाकायची हौस असते. ती दुसऱ्या पानावर भागवा.

काय बदललं ते शोधायला फाइलमधली व्हर्जन हिस्टरी उघडा. तारीख-वेळेसकट जुनी रूपं दिसतात आणि परतही आणता येतात. पण तिथं एक गफलत होते. अ‍ॅपमधून झालेले बदल एरवी अ‍ॅपच्या मालकाच्याच नावानं दिसतात, नोंद कुणीही केलेली असो. त्यावरून मालकावर किंवा त्याच्या भाच्यावर संशय घेऊ नका. कुणी लिहिलं ते कळायला हवं असेल तर टेबलात एक रकाना ठेवून त्याच्या इनिशिअल व्हॅल्यूत (नवी नोंद करताना आपोआप भरायच्या किमतीत) युजरईमेल हे सूत्र घाला.

फोटोचंही इथंच. शीटमध्ये फोटो नसतो, फोटो कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता असतो. कुणी ड्राइव्ह "नीट लावताना" तो फोल्डर हलवला की चौकटी कोऱ्या. परत जागेवर ठेवा, फोटो येतात.

तिसरं: तारखा

शीटच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कुठल्या देशाची पद्धत) बघा, आणि अ‍ॅपशीटमध्ये त्या टेबलाचं लोकेल वेगळं असतं, तेही बघा. एक भारत आणि एक अमेरिका असलं की दिवस-महिना उलटतात. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या १ ते १२ तारखांच्याच नोंदी भरकटतात. १३ पासून पुढच्या तारखेला महिना म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळं त्या शीटमध्ये नुसता मजकूर म्हणून डावीकडं चिकटून बसतात. दोन्हीकडं भारत करा. आधीच उलटलेल्या तारखा मात्र आपोआप सुलट होत नाहीत, त्या हातानं दुरुस्त कराव्या लागतात.

चौथं: एकच नाव, दोन रूपं

ही भानगड इंग्रजीत काम करणाऱ्यांना माहीत नसते, म्हणून व्हिडिओत सहसा सापडणार नाही.

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या दुकानात यादीत "गुऱ्हाळ" दोनदा यायचं. अक्षर न् अक्षर सारखं. मागं-पुढं मोकळी जागा नाही, अनुस्वाराचा घोळ नाही. दोन्ही नावं शेजारी ठेवून भिंग लावलं तरी फरक दिसला नसता. मग शीटमध्ये लेन सूत्र लावून अक्षरसंख्या मोजली. एकाची ७ आली, दुसऱ्याची ८.

आपला हा "ऱ्ह" मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खास "ऱ" आणि हलंत. दुसऱ्यात साधा "र", हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड आहे त्यावर काय उमटणार ते ठरतं. डोळ्याला एकच दिसतं, पण यंत्राला ती दोन वेगळी नावं. सुऱ्या, दऱ्या, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळीकडं हा धोका.

आधी साधा संशय फेडा: नावाच्या शेवटी स्पेस पडलीय का? ट्रिम सूत्रानं ती जाते. तरी फरक राहिला तर अक्षरसंख्या मोजा. आणि कायमचा उपाय म्हणजे बिलात नाव टाइप करायची सोयच ठेवायची नाही. नावांचं वेगळं टेबल, प्रत्येकाला एक कोड, आणि बिलातला रकाना रेफ (Ref) प्रकारचा, म्हणजे यादीतून निवडायचं फक्त. नाव एकदाच लिहिलं जातं, एकाच घरात. दुसऱ्यांदा वापरताना त्याच्याकडं बोट दाखवलं जातं.

पाचवं: नोंदीची ओळख, म्हणजे "की" (Key)

प्रत्येक टेबलात एक रकाना की म्हणून नेमलेला असतो. ही नोंद म्हणजे हीच, दुसरी नाही, हे अ‍ॅप त्यावरून ठरवतं. संपादकात टेबलाचे रकाने उघडा आणि कीची खूण कशावर आहे ते बघा.

ओळ क्रमांकावर असेल तर: शीटमध्ये कुणी मधली एक ओळ पुसली किंवा नावाप्रमाणं क्रम लावला की सगळ्यांच्या ओळखी सरकतात. एकाच्या बिलाखाली दुसऱ्याचा माल. नावावर असेल तर एकाच नावाची दोन माणसं आली की खेळ खलास, आणि आपल्याकडं पाटील किती आहेत ते मी सांगायला नको.

बिल नंबरावर असेल तर ते वरकरणी शहाणपणाचं वाटतं, पण माझ्या एका अ‍ॅपची चूक हीच होती. चप्पल दुकानासाठी मी सूत्र लावलं होतं: सगळ्यात मोठा बिल नंबर, अधिक १. एका फोनवर महिनोन् महिने झकास चाललं. मग त्यांनी पन्हाळ्यावर स्टॉल लावला. तिथं रेंज नाही. दुकानात शेवटचं बिल १२४, स्टॉलच्या फोनलाही १२४ च माहीत. दोघांनीही १२५ केलं. संध्याकाळी स्टॉलचा फोन खाली आला, सिंक झाला, आणि १२५ ही की आधीच आहे म्हटल्यावर त्यानं दुकानातल्या १२५ वर आपलं १२५ लिहून टाकलं. चूक दाखवली नाही, काही नाही. दुकानातलं बिल व्हर्जन हिस्टरीतून परत मिळालं, नाहीतर गेलंच होतं.

म्हणून की नेहमी बिनअर्थाची ठेवा. वेगळा रकाना करून त्याच्या इनिशिअल व्हॅल्यूत युनिकआयडी. आठ अक्षरांचं काहीतरी येतं, ते कुणाला दाखवायचंही नाही, लपवून ठेवा. बिल नंबर हा निराळा रकाना. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणं बिलाचा नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात परत यायला नको आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नको. पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. दुकानाची एक मालिका, स्टॉलची दुसरी, एका मालिकेवर एकच फोन. नेटवर्क असो वा नसो, नंबर आदळत नाहीत.

थांबा मात्र: त्या टेबलाला दुसरी टेबलं जोडलेली असतील, म्हणजे बिलाखाली मालाच्या ओळी असतील, तर चालू अ‍ॅपमध्ये की स्वतः बदलायला जाऊ नका. ओळींना जुनीच ओळख माहीत असते, त्या अनाथ होतात. हे काम माहीतगाराकडून करून घ्या.

सहावं: आकडा साठवलेला की मोजलेला?

आता मूळ दुखणं. उद्यमनगरातून फोन आला: "अहो, तुमचं अ‍ॅप येडं झालंय. ज्यांनी पैसे भागवल्यात त्यांच्याच नावावर बाकी दिसाय लागल्या."

जॉबवर्कचं काम. कास्टिंगवर ड्रिलिंग, नगाला १८ रुपये. २४० नग, बिल ४,३२० रुपये. पार्टीनं ४,३२० दिले. मध्यंतरी दर २० झाला आणि आता तेच बिल ४,८०० दाखवतंय, म्हणजे ४८० बाकी. गंमत अशी की ज्यांनी पैसे दिले नव्हते त्यांची बिलं जुन्याच दरानं, जशीच्या तशी. प्रामाणिक पार्ट्यांनाच दंड.

अ‍ॅप येडं नव्हतं. बिलातल्या दराचा रकाना अ‍ॅप फॉर्म्युलावर होता. अ‍ॅप फॉर्म्युला म्हणजे नोंद जेव्हा जेव्हा उघडून सेव्ह होईल तेव्हा तेव्हा पुन्हा मोज. पैसे आले की मालक बिल उघडून "मिळाले" वर खूण करायचे, सेव्ह करायचे. त्याच क्षणी दर यादीतून नव्यानं येऊन बसायचा. ज्या बिलाला कुणी हात लावला नाही ते बिल वाचलं. "काहीच बिलं बदलतात" या लक्षणाचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच.

असं तपासा. शीट उघडा आणि बिलाच्या ओळीत तो दर, ती रक्कम बोट ठेवून दाखवता येते का बघा.

रकानाच सापडत नाही? मग तो व्हर्च्युअल कॉलम आहे. तो शीटमध्ये कधीच लिहिला जात नाही, दाखवताना मोजला जातो. दर बदलला की सगळीच बिलं एका दमात बदलतात.

रकाना आहे पण घरावर टिचकी मारली की वर बरोबर-चिन्हानं सुरू होणारं सूत्र दिसतं? मग मोजणी शीटमध्येच चाललीय. परिणाम तोच.

नुसता आकडा आहे? मग संपादकात त्या रकान्याची पेन्सिल दाबून अ‍ॅप फॉर्म्युलाच्या जागी काही लिहिलंय का बघा.

दुरुस्ती अशी. बिलाच्या टेबलात खरा रकाना करा, नाव ठेवा "त्या दिवशीचा दर". अ‍ॅप फॉर्म्युला कोरा. इनिशिअल व्हॅल्यूत [काम].[दर]. नोंद पहिल्यांदा करताना यादीतून दर येतो, घरात लिहिला जातो आणि तिथंच राहतो. रिसेट ऑन एडिट ही खूण बंद आहे ना, तेवढं बघा. ती चालू असली तर परत तेच रडगाणं. रक्कम मात्र "त्या दिवशीचा दर" गुणिले नग अशी मोजलेली चालते, कारण ती आता हलत्या यादीवर टेकलेली नाही.

बिलाच्या तारखेलाही हाच नियम. अ‍ॅप फॉर्म्युलात टुडे घातलेली बिलं मी पाहिलीत. ज्या दिवशी उघडावं त्या दिवसाची होतात.

आधी बिघडलेल्या बिलांचं काय? छापील किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ बिलं काढा आणि त्यातला दर नव्या रकान्यात हातानं भरा. शीटमध्ये सूत्र असेल आणि यादीतला दर अजून बदलला नसेल तर जुन्या ओळी कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा, म्हणजे सूत्र जाऊन आकडा उरेल. दर बदलल्यावर हे केलंत तर चुकीचाच आकडा पक्का होईल, तेव्हा क्रम सांभाळा.

खात्री करायला यादीत "चाचणी" नावाचं एक काम घाला, दर १०. त्याचं एक बिल करा. दर ९९९ करा. बिल उघडा, काहीतरी बदलून सेव्ह करा. १० च राहिला तर जमलं. मग ते बिल आणि ते काम दोन्ही पुसा. एकानं पुसलं नाही आणि महिनाअखेरीस "चाचणी" नावाच्या कामाचं येणं दाखवत बसला.

अ‍ॅप नुसतंच हळू चालत असेल

तर हे वरचं दुखणं नव्हे. गूगल शीटची मर्यादा १ कोटी घरांची आहे, पण अ‍ॅप त्याच्या कितीतरी आधी धापा टाकतं. मागच्या वर्षाची बिलं वेगळ्या शीटमध्ये हलवा आणि व्हर्च्युअल कॉलम कमी करा. तरी उघडायला मिनिट लागत असेल तर शीट सोडून खऱ्या डेटाबेसवर जायची वेळ आलीय, आणि ते घरच्या घरी करायचं काम नाही.

कधी हात काढून घ्यायचा

बदललेल्या रकमेनं जीएसटीचं विवरणपत्र भरून झालं असेल तर आधी तुमच्या कर सल्लागाराला फोन करा, मला नंतर. शीटमधला आकडा दुरुस्त केल्यानं भरलेलं विवरणपत्र दुरुस्त होत नाही.

फोनवर नोंदी अडकल्यात, चूक कळत नाही आणि त्या कागदावर उतरवता येण्यापेक्षा जास्त आहेत, तर फोन चार्जिंगला लावून ठेवा आणि माणूस बोलवा. कीचं वर सांगितलंच.

आणि माहीतगार यायच्या आधी एक शोधून ठेवा: अ‍ॅप आणि शीट कुणाच्या गूगल खात्यात आहेत? निम्म्या वेळा उत्तर येतं, "ते आमच्याकडं आधी एक पोरगं होतं, त्यानं केलं होतं." पोरगं पुण्याला गेलं, नंबर बदलला, आणि दुकानाची तीन वर्षांची वही त्याच्या खात्यात. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांचे हिशेब शीटवर होते त्यांचे वाचले, पण खातंच दुसऱ्याचं असेल तर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीखाली असतानाही तुमची वही जाऊ शकते. त्या पोराला आजच गाठा. शीटची मालकी आणि अ‍ॅप, दोन्ही दुकानाच्या खात्यावर घ्या. दोन्ही वेगवेगळं हलवावं लागतं, एक दिलं म्हणजे दुसरं आलं असं होत नाही.